व्हाया राजवाडे मंडळ

जळगावहून धुळ्याला जायचं तर माणसाला कारण लागतं. सोयरीक, कोर्टाची तारीख, कुणाचं दहावं, नाहीतर दवाखान्यात पडलेला मावसभाऊ. उगाच धुळ्याला कुणी जात नाही. धुळेकरही जळगावला उगाच येत नाही. आला तर सोनं घ्यायला येतो, नाहीतर पोराचा विद्यापीठातला कागद काढायला. दोन्ही गावांत भांडण नाही, पण जुना हिशेब आहे. 1906 पर्यंत अख्ख्या खानदेशाचा कारभार धुळ्याहून चालायचा. त्या साली इंग्रजाने वाटणी केली. पूर्व खानदेशाचं ठाणं जळगाव झालं आणि पश्चिम खानदेशापुरतं धुळं उरलं. रेल्वेची मुख्य लाइन आधीच जळगावच्या दारावरून गेलेली होती. धुळ्याला 1900 साली चाळीसगावहून एक फाटा मिळाला. 1990 साली विद्यापीठ आलं, तेही जळगावलाच. धुळेकर यातलं काहीही विसरलेला नाही. जळगावकराच्या मात्र हे ध्यानीमनीही नसतं, आणि धुळेकराला खरा राग त्याचाच आहे.

अशा या धुळ्याला बिअरची सहल काढायची कल्पना आप्पांची. आप्पा बँकेतून निवृत्त झाले आणि त्यांचा मुलगा प्रागला नोकरीला लागला. दोन महिने तिकडे राहून आले तेव्हा येताना दोन गोष्टी घेऊन आले. एक, पाठीवर लटकवायची पिशवी. दुसरी, 'गाइडेड टूर' हा शब्द.

"प्रागहून पिल्सेन नव्वद किलोमीटर," आप्पा आमच्या कट्ट्यावर सांगायला लागले. "सकाळी बस निघते. पुढे एक मुलगी, हातात छत्री उंच धरलेली. मागे वीस-पंचवीस माणसं. त्यात बायका, म्हातारे, एक पाद्रीसुद्धा. ती मुलगी दिवसभर बिअरबद्दल बोलते. आणि कुणाला लाज म्हणून वाटत नाही!"

मग त्यांनी पिल्सेनचा इतिहास सांगितला. 1838 साली तिथली बिअर इतकी बिघडली की लोकांनी 36 पिंपं आणून टाउन हॉलसमोर रस्त्यावर ओतली. त्यानंतर गावानेच आपला कारखाना काढला, शेजारच्या बव्हेरियातून योझेफ ग्रोल नावाचा कारागीर बोलावला, आणि 5 ऑक्टोबर 1842 ला त्याने पहिल्यांदा सोनेरी रंगाची, आरपार दिसणारी बिअर घातली. आज जगात जी बिअर खपते तिच्यातली बहुतेक याच पिल्सनरच्या गोतावळ्यातली. तिथलं पाणी मऊ, त्यामुळे बिअरला तो रंग आणि ती चव. कारखान्याखाली नऊ किलोमीटर लांबीची तळघरं आहेत. तिथे गार अंधारात लाकडी पिंपाला तोटी लावून न गाळलेल्या बिअरचा एकेक ग्लास हातात देतात.

"छत्तीस पिंपं रस्त्यावर ओतली?" वकीलसाहेबांनी विचारलं. "पंचनामा झाला होता का?"

मास्तर बराच वेळ विचारात होते. ते चित्रकला शिकवायचे, त्यामुळे त्यांच्या डोळ्यांसमोर देखावा उभा राहिला असावा. "आपल्याकडेही लोक मोर्चा नेतात," ते म्हणाले, "पण हंडे रिकामे असतात."

आप्पांचा हिशेब साधा होता. प्राग-पिल्सेन नव्वद किलोमीटर, जळगाव-धुळे नव्वद-पंच्याण्णव. तिकडे बस, इकडे बोलेरो. अडचण एवढीच की धुळ्याला बिअरचा कारखाना नाही. आप्पांनी ही बाब तपशिलात ढकलली.

कारखानेच बघायचे तर छत्रपती संभाजीनगरला जायला हवं, असं मी सुचवून पाहिलं. बिअरच्या कारखान्यांसाठी ते शहर देशभर ओळखलं जातं. इतकं, की 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्याच्या कारखान्यांचं पाणी निम्म्यावर आणा असं सांगावं लागलं. त्याच उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी जात होतं. शिवाय वाटेत अजिंठा लागतो. तिथल्या पहिल्या लेण्याच्या छतावर एक परदेशी टोपीवाला पाहुणा हातात पेला धरून मजेत बसलेला आहे आणि त्याच्या दिमतीला माणसं आहेत. दीड हजार वर्षं झाली, त्याला कुणी काही विचारलेलं नाही. पण दीडशे किलोमीटर जायचं आणि कारखान्याच्या फाटकावरच्या वॉचमनने "कुणाला भेटायचंय?" असं विचारून परत धाडायचं, हे आप्पांना पटेना. नाशिकला द्राक्षबागेत वाइनची सहल असते. 2005 सालापासून तिथे चाखायची खास खोली आहे. "तिथे आपल्या सुना जातात," मास्तर म्हणाले, आणि तो विषय तिथेच मिटला. पुण्यात 2009 साली छोट्या ब्रुअरीची सुरुवात झाली, पण पुण्याला जाऊन बिअर पिणं म्हणजे मुलाच्या फ्लॅटवर मुक्काम आणि मुलाच्या देखत पिणं.

शेवटी धुळंच ठरलं, आणि त्याचं खरं कारण कारखान्याशी निगडित नव्हतंच. पिल्सेनला लोक बिअर बघायला जातात. आपल्याकडचा सभ्य माणूस बिअरसाठी दुसऱ्या गावी जातो तो आपल्या गावाने आपल्याला बघू नये म्हणून. जळगावात परमिट रूमच्या दारात स्कूटी लावली की संध्याकाळपर्यंत सोसायटीत कळतं, कारण लोक माणूस ओळखत नाहीत, नंबरप्लेट ओळखतात. धुळ्यात आपल्याला कोण ओळखतं?

मग दिवस शोधायला बसलो. सरकारचे ड्राय डे बोटांवर मोजण्याइतके: गांधी जयंती, आषाढी-कार्तिकी, अनंत चतुर्दशी, शिवाय मतदान संपेपर्यंतचे अठ्ठेचाळीस तास. वकीलसाहेबांनी ते पाच मिनिटांत तपासले. घरच्या ड्राय डेंना मात्र तासभर लागला. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा आणि रविवारी नातवंडं घरी. उरला बुधवार. गाडीवाले बापू गळ्यात तुळशीची माळ घालणारे. त्यांना फोन केला तर म्हणाले, "बुधवार पांडुरंगाचा असतो साहेब." आमचे चेहरे पडले. "पण पांडुरंग चालवून घेतो," बापूंनी पुढे जोडलं.

घरी काय सांगायचं हा प्रश्न सगळ्यात अवघड, आणि त्याचं उत्तर वकीलसाहेबांनी दिलं: राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजी धुळ्यात वारले. त्यांनी गावोगावच्या माळ्यांवरून, देव्हाऱ्यांतून आणि वाण्याच्या दुकानांतून आयुष्यभर गोळा केलेली कागदपत्रं जपायला दहा दिवसांच्या आत, 9 जानेवारी 1927 रोजी, हे मंडळ उभं राहिलं. या नावाला कुठल्याच बायकोला हरकत घेता येत नाही. उलट आमच्याकडे थोडं आश्चर्यच व्यक्त झालं. "आता या वयात इतिहास?" एवढंच विचारणं झालं. निघताना हातात डबा आला. आत तळलेले बिबडे. "तिकडे लागतील," बायको म्हणाली.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी बिबडे सांगायला हवेत. ज्वारी दोन-तीन दिवस पाण्यात भिजत घालून आंबवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात शिजवायची. त्यात तीळ, जिरं, लसूण आणि मिरची घालायची. पहाटे उठून तो गरम घाटा ओल्या धोतरावर हाताने गोल पसरायचा आणि गच्चीवर उन्हात वाळवायचा. मार्च-एप्रिलात गल्लीतल्या बायका एकमेकींच्या गच्चीवर हेच करत असतात, आणि सगळ्या गल्लीला त्या आंबलेल्या ज्वारीचा वास असतो. आप्पांनी गाडीत डबा उघडला, नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले. "पिल्सेनला ती मुलगी आम्हाला पिंपांपाशी घेऊन गेली ना," ते म्हणाले, "तिथे मला आईची आठवण झाली. मला वाटलं परदेशात माणूस हळवा होतो. पण कारण ते नव्हतं. वास हाच होता."

यात काही नवल नाही. ज्वारी मुळात आफ्रिकेतली, आणि तिथे तिची बिअरच करतात. दक्षिण आफ्रिकेत मका आणि ज्वारी आंबवून उमकोंबोथी करतात, तर बुर्किना फासोत ज्वारीची डोलो बायका घरी गाळतात आणि विकतात. खानदेशातल्या बाईनेही तीच ज्वारी तशीच आंबवली, पण ऐन वेळी घरातल्या पुरुषाकडे एकदा नीट बघितलं आणि तिचे पापड केले. खानदेशात बिअरचा कारखाना का झाला नाही, याचं माझ्या मते हेच एक पटणारं कारण आहे. म्हणजे प्यायचं द्रव्य गेलं आणि चखणा राहिला.

गाडी निघाली. छत्री धरलेली मुलगी नव्हती, पण गाइड होता, आणि ते गिरणेचा पूल ओलांडताना लक्षात आलं. बापूंनी आयुष्यात कधी दारूला हात लावलेला नाही, आणि म्हणूनच या रस्त्यावरची एकेक परमिट रूम, धाबा आणि बिअर शॉपी त्यांना तोंडपाठ आहे. लोक आत जातात तेव्हा ते बाहेर गाडीत हरिपाठ म्हणत बसतात. पिणाऱ्याला जाताना वाट दिसते, येताना दिसत नाही. न पिणाऱ्याला दोन्ही वेळा दिसते.

"हे डाव्या हाताला पत्रा गेलेलं दिसतं ना," पाळधीच्या पुढे बापू म्हणाले, "ते सतराला बंद पडलं."

त्यामागे मोठी गोष्ट आहे. 15 डिसेंबर 2016 ला सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री बंद केली. 1 एप्रिल 2017 पासून अंमल सुरू झाला. वीस हजारांपेक्षा कमी वस्तीच्या गावात अंतर 220 मीटरवर आणलं. त्या उन्हाळ्यात अख्खा महाराष्ट्र टेप घेऊन रस्त्यावर होता. कुणी दुकान मागे नेलं, कुणी दार मागच्या बाजूला फिरवलं, आणि काही शहरांनी सरळ रस्त्याचाच दर्जा बदलून घेतला. दुकान जागच्या जागी राहिलं, हायवे तेवढा सरकला. बापूंच्या मते त्या वर्षी एक नवीन धंदा निघाला, अंतर मोजून देण्याचा.

एरंडोल आलं. लोक मानतात की भीमाने बकासुर मारला ती एकचक्रानगरी हीच. पांडववाड्याकडे जाणारा रस्ता दाखवत बापू म्हणाले, "बकासुराला गाडाभर अन्न लागायचं. तुमच्यासारखं शेंगदाण्यावर भागत नव्हतं." त्यावर वकीलसाहेबांनी गाडीत आम्हा सगळ्यांना कागदाचे चार कपटे वाटले. आमचे एक दिवसाचे परवाने. पाच रुपयांना एक.

इथे आपल्या राज्याचं एक सुंदर रहस्य सांगायला हवं. महाराष्ट्रात दारूबंदी आहे. 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा नाव बदलून आजही लागू आहे, आणि परवान्याशिवाय दारू पिणं, बाळगणं हा गुन्हाच आहे. बिअर प्यायला वय 21 पूर्ण हवं, कडक दारूला 25. परवाना एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो आणि हजार रुपये भरले की आजीवन मिळतो. 1953 च्या नियमांत हा परवाना कशासाठी तर 'आरोग्य राखण्यासाठी' दिलेला आहे. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रातला प्रत्येक पिणारा औषध घेत असतो. 31 डिसेंबरच्या तोंडावर हे परवाने लाखांनी सुटतात. एवढ्या लोकांना एकाच रात्री प्रकृतीची काळजी वाटते.

"मग बापूंचं काय?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांची तब्येत चांगली आहे," वकीलसाहेब म्हणाले.

पारोळ्याला झाशीच्या राणीच्या घराण्याशी नातं सांगणारा किल्ला लागतो. त्याच्या पुढच्या एका छोट्या गावाकडे बोट दाखवून बापू म्हणाले, "इथे बाटली आडवी झाली." सरकारी नियम असा की गावातल्या निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी बंदीच्या बाजूने मत दिलं तर दुकान बंद होतं. मतपत्रिकेवर चिन्हं दोनच, उभी बाटली आणि आडवी बाटली. अशा चिन्हांवर निवडणूक घेणारं दुसरं राज्य मी ऐकलेलं नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी बाटली आडवी केली आहे. आमच्या मास्तरांना त्या मतपत्रिकेवरचं चित्र फार आवडलं. "दोनच रेषांत मांडलंय," म्हणाले. पण बापूंच्या डोळ्यांत अभिमान दिसला, आणि तो खरा होता. बाटली आडवी व्हावी म्हणून गावोगाव हिंडणाऱ्या बायकांना ते पैसे न घेता गाडीतून नेत असत. बिअरच्या सहलीला याहून निष्पक्ष गाइड कुठे मिळणार?

धुळ्यात शिरलो ते थेट राजवाडे मंडळात. याला कारण घरून आलेला मेसेज होता: "पोचल्यावर मंडळाचा फोटो टाका." तोही एक नाही, चारही घरून. जुन्या धुळ्यात पत्ता शोधणं सोपं, कारण इंग्रजांनी आखलेल्या या गावात गल्ल्यांना नंबर आहेत. संध्याकाळी परतणाऱ्या माणसासाठी याहून चांगली नगररचना नाही. नाव आठवलं नाही तरी एक ते सात यांतला एखादा आकडा आठवतोच. मंडळात आम्ही फोटो काढायला गेलो आणि दोन तास अडकलो. एकदा आत गेलं की तिथली माणसं आस्थेने एकेक वस्तू दाखवतात. शिल्पं, मोडीतली पत्रं, जुन्या सनदा. आप्पांनी घड्याळाकडे बघितलं. वकीलसाहेबांनी तर एका जुन्या वाटणीपत्रात डोकं घातलं ते वर काढेनात. मास्तर शिल्पांसमोर वही काढून बसले.

तिथून समर्थ वाग्देवता मंदिर. नानासाहेब देवांनी गावोगावच्या मठांतून जमवलेली रामदासी बाडं तिथे आहेत आणि रामदासांच्या हातचं वाल्मीकि रामायणही आहे. मग तुरुंग. 1932 साली फेब्रुवारी ते जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. आज घरोघरी असलेलं गीता प्रवचने हे पुस्तक त्यातूनच झालं. दुपारी अडीच वाजता, रणरणत्या उन्हात, तुरुंगाच्या भिंतीबाहेर उभं राहून आप्पा म्हणाले, "पिल्सेनला एव्हाना तिसरा ग्लास झाला होता."

परमिट रूम एका बोळात होती. आत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. बाहेरच्या उन्हाने डोळे मिटतात आणि आतला अंधार ते उघडू देत नाही. भिंतीवर गणपतीचा फोटो, त्याला लाल बल्ब. पडदे लावलेले फॅमिली सेक्शनचे कप्पे, ज्यांत फॅमिली कधीच नसते. वेटर आला, फडक्याने टेबल पुसलं आणि विचारलं, "माइल्ड का स्ट्राँग? चिल्ड का कमी?" भारतातल्या बिअरचं सगळं शास्त्र या दोन प्रश्नांत संपतं. पिल्सेनची मुलगी तासभर जवाची जात, हॉप्सची फुलं आणि पाण्याचा मऊपणा समजावत होती. इकडे बाजारात बहुतेक बिअर स्ट्राँगच खपते, कारण गिऱ्हाइकाचा हिशेब रुपयांमागे किती चढते असा असतो.

पण आप्पा शिकून आले होते. त्यांनी ग्लास दिव्यासमोर धरला, रंग पाहिला, तिरपा केला आणि नाक आत घालून वास घेतला. वेटर धावत आला. "काही पडलं का साहेब? बदलून देऊ?"

मग आप्पांनी फेस मागितला. इथे तर प्रसंगच ओढवला. पिल्सेनमध्ये फेसाला फार मान आहे. जवळजवळ निव्वळ फेसाने भरलेला ग्लास मागण्याचीही तिथे पद्धत आहे. आपल्याकडे वेटरचं कसब याच्या अगदी उलट. तो ग्लास आडवा धरतो, बाटलीचं तोंड काचेला टेकवतो आणि श्वास रोखून असं ओततो की फेसाचा एक बुडबुडा येऊ नये, कारण फेस म्हणजे मापात पाप. "साहेब, आपल्याकडे तसं नाही चालत," तो दुखावून म्हणाला. "पूर्ण भरून देतो." आप्पांनी स्वतः उंचावरून ओतलं, फेस टेबलावर आला आणि शेजारच्या कप्प्यातून आवाज आला, "आप्पासाहेब, सावकाश!"

पडदा सरकला. आमच्याच सोसायटीचे चेअरमन. त्यांच्यामागे जळगावातली आणखी तीन ओळखीची टकलं. पलीकडच्या कप्प्यात आमच्या ओळखीचे कापडाचे व्यापारी. पहिल्या धक्क्यानंतर सगळे मोकळे झाले. राजवाडे मंडळाचे फोटो एकमेकांना दाखवले. चेअरमनच्या मोबाइलमध्येही तीच शिल्पं, त्याच कोनातून. बिबड्यांचा डबा सगळ्या कप्प्यांतून फिरला, आणि वेटरने आणलेली शेंगदाणे-कांद्याची प्लेट तशीच राहिली. धुळ्यात आपल्याला कुणी ओळखत नाही हे खरं आहे, पण ते फक्त धुळेकरांपुरतं.

परतताना पारोळ्याच्या अलीकडे धाब्यावर थांबलो. खानदेशात असा प्रवास शेवभाजीशिवाय पुरा होत नाही: लाल तर्री, वरून सोडलेली जाड तिखट शेव, कच्चा कांदा आणि गरम भाकर. पहिला घास घेतला आणि धुळ्याकडे जाणारी एक गाडी येऊन थांबली. तिच्यातून मास्तरांचे व्याही उतरले. मास्तरांची मुलगी धुळ्याला दिलेली. व्याही एकटे नव्हते, सोबत चार समवयस्क, सगळ्यांच्या तोंडात बडीशेप.

"राम राम व्याहीबुवा! आठे कसं काय?" व्याही दचकून म्हणाले.

"राजवाडे मंडळ बघायला आलो होतो," मास्तरांनी सांगितलं. त्यांच्या तोंडात वेलदोडा होता. "तुम्ही?"

"गांधीतीर्थ," व्याही म्हणाले. "जळगावला."

जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ 2012 पासून लोकांसाठी खुलं आहे. देशभरातून शाळांच्या सहली येतात, आणि मी त्याच्या पायथ्याशी राहत असूनही आत गेलेलो नाही. व्याहींनी मात्र पाऊण तास सगळं सांगितलं. कुठल्या दालनात काय आहे, चंपारण कसं मांडलंय, दांडी कशी दाखवलीय. मास्तरांनी विनोबांची प्रवचनं सांगितली. शेवभाजीवर बसून दोन व्याही गांधी आणि विनोबांवर इतक्या तपशिलात बोलले की धाबेवाल्याने बिल आणताना आवाज खाली केला. कोण कुठे बसला होता हे कुणी विचारलं नाही. लग्नानंतर एवढं मोकळं बोलणं त्यांचं पहिल्यांदाच झालं. बापू बाहेर गाडीत शांत बसले होते. त्यांनी व्याहींच्या ड्रायव्हरला हात केला. तोही माळकरीच होता.

या एका बुधवारी मला कळलं की खानदेशात बिअरची सहल सुरू करायची गरज नाही. ती दोन्ही दिशांनी चालूच आहे आणि तिला कुणी आयोजक नाही. जळगावकर धुळ्याचा इतिहास बघतो, धुळेकर जळगावचे गांधी बघतो, आणि दोघांचीही पावलं त्यामुळेच अशा ठिकाणी पडतात जिथे एरवी ती पडली नसती. पिल्सेनला बिअरच्या निमित्ताने बिअरच पाहायला मिळते. आपल्याकडे तिच्या निमित्ताने मोडी, रामदास, विनोबा आणि गांधी पाहायला मिळतात. संस्कृतीसाठी एवढं करणारं दुसरं पेय मला माहीत नाही. चहासाठी कुणी राजवाडे मंडळात गेल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा कुणाला ही सहल करायची असेल तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. ड्रायव्हर माळकरी असू द्या; दुसरा कितीही ओळखीचा असला तरी नको. पाच रुपयांचा परवाना खिशात ठेवा. राजवाडे मंडळ आधी बघा, कारण नंतर मंडळ उघडं असलं तरी तुम्ही बघण्याच्या स्थितीत नसता. आणि घरी खरं काय ते सांगून टाका. बिबडे इतिहासाच्या अभ्यासाला लागत नाहीत, हे डबा भरणारीला तुमच्या आधी कळलेलं असतं.